रहस्यकथा : वाचलेली आणि ऐकलेली

आषाढातील रात्र. चिपळुणास पावसाने एकदा गाठले म्हणजे वीज जावयाचीच. कौलांवर संततधार चालली आहे, आणि माजघरात एक वृद्ध गृहस्थ कानांत इअरफोन घालून खुनाची कथा ऐकत पडले आहेत. पुस्तकास दिवा लागतो. या कथेस अंधारच सोयीचा. दोन प्रकरणे झाल्यावर ते उठतात आणि पडवीच्या दाराची कडी लागली आहे ना, हे पाहून येतात. हीच कथा त्यांनी पूर्वी छापील वाचली होती. तेव्हा ते उठले नव्हते. असे का व्हावे?

वाचणारा आपल्या वेगाचा धनी असतो. प्रसंग अंगावर येऊ लागला की डोळा चार ओळी सहज ओलांडतो. अगदीच असह्य झाले तर शेवटचे पान उघडून गुन्हेगार कोण तेही पाहून घेता येते. (असे करणारे वाचक ते शपथेवर नाकारतात!) कानास मात्र पापणी नाही. तीनशे पानांची कादंबरी ऐकावयास आठ-दहा तास सहज लागतात. जिन्यावरची पावले वाचताना एका वाक्यात संपतात. ऐकताना ती एक एक पायरी चढून येतात.

त्यात इअरफोनची भर. बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांस किंचित निरनिराळ्या वेळी पोहोचतो, आणि त्यावरून मेंदू त्याची दिशा ठरवितो. तोच आवाज दोन्ही कानांत एकाच क्षणी सोडला, तर तो बाहेरून न येता मस्तकातच उमटल्यासारखा वाटतो. खुन्याचे स्वगत असे ऐकले म्हणजे ते आपल्याच मनातील विचार असावेत असा क्षणभर भास होतो, आणि अस्वस्थतेचे खरे मूळ तेथे आहे.

ऐकलेली भीती कोकणास नवी नाही. पडवीत बसून भुतांच्या गोष्टी सांगणारी आजी येथे घरोघर होती. पण श्रोत्यांतील लहान मूल रडवेले झालेले दिसले की आजी भूत आवरते घेई. यंत्रातील वाचकास श्रोता दिसत नाही. म्हणूनच चांगला वाचक संयमाने वाचतो. किंकाळी ओरडून दाखविण्यापेक्षा तिच्या आधीचा विराम तो जपतो. शेवट ठाऊक असूनही गुन्हेगाराच्या तोंडची वाक्ये निरागसपणे म्हणणे, ही तर त्याची मोठीच कसोटी होय.

या प्रकाराचा उगम मात्र करमणुकीत नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची सोय हा त्यामागील एक हेतू होता. १९३५ साली इंग्लंडात अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्याच ग्रंथांत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही खुनाची कादंबरी होती. तबकडीची एक बाजू सुमारे पंचवीस मिनिटांत संपे. ती उलटावयास उठावे लागे, आणि तेवढ्यात श्रोत्यास श्वास घेता येई. आता ती उसंतही उरली नाही.

मराठी वाचकांस खुनाची गोडी लावली ती बाबुराव अर्नाळकरांनी. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. २०१७ साली स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ने भारतात पाऊल टाकल्यावर मराठी श्राव्य पुस्तके मोबाइलवर सहज मिळू लागली.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्याच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. भिजून फुगलेली पाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस कागदाविना असलेल्या पुस्तकाचे मोल निराळे सांगावयास नको.

माजघरातील त्या गृहस्थांची दृष्टी मोतीबिंदूने अधू झाली आहे. कथा बंद करावी असे सुनेने दोनदा सुचविले. त्यांनी एका कानातील इअरफोन तेवढा काढला, म्हणजे पावसाचा आवाजही येऊ लागला, आणि तिसरे प्रकरण लावले.