वजनाचा काटा अडतो तेव्हा



वजन उतरवण्याचा निश्चय केलेल्या माणसाचे पहिले दिवस मोठ्या उमेदीचे असतात. साखर सोडली, भात निम्म्यावर आणला, पहाटे फिरणे सुरू केले, की काटा दर आठवड्याला थोडा थोडा खाली येतो. मग काही महिन्यांनी तो अडतो. जेवण तेच, चालणे तेच, पण वजन जागचे हलत नाही. घरची मंडळी म्हणतात, "चोरून खात असाल!" माणूस खचतो, "एवढं करून उपयोग काय?" म्हणतो आणि पुन्हा पूर्वीच्या ताटाकडे वळतो. उतरलेले वजन मग बघता बघता परत येते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हे फार महाग पडते.

मी डॉक्टर नव्हे, अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. पण हा प्रश्न जमाखर्चाचा आहे, म्हणून त्यात लक्ष घातले. अवर्षणाच्या वर्षी घरात धान्य कमी आले, तर घरची बाई आधी कणगीतले काढते. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. रोजचा खर्चही आवरते. शरीर हुबेहूब तसेच वागते.

याचा फार मोठा पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लोक उपासमारीने मरत होते. त्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून १९४४ आणि १९४५ साली अन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले: बटाटे, सलगम, पाव असे साधेच. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचे. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने उतरले. पण कसे? प्रथम भराभर, मग सावकाश, आणि अखेरीस थांबल्यासारखेच.

शरीराने खर्च कुठे कुठे कापला पाहा. नाडी मंद झाली. ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. जिना चढणे नकोसे झाले. स्वस्थ पडून असतानाही शरीर जे इंधन जाळते, ते सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्यातला काही भाग शरीर लहान झाले म्हणून घटला, आणि उरलेली निव्वळ काटकसर होती. आणि मन? ते अन्नावाचून दुसरे काही बोलेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत!

आपण भाकरी-भात कमी करतो ती काही उपासमार नव्हे, पण नियम तोच. आपल्यातले पुष्कळ लोक साधे त्रैराशिक मांडतात. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक. रोज ५०० कमी खाल्ले की आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो वजन जाणार. या हिशोबाने ८० किलोचा गृहस्थ साडेतीन वर्षांत नाहीसाच व्हायला हवा! तसे होत नाही, कारण शरीर हलके झाले की त्याचा खर्चही उतरतो. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सुधारलेले गणित दिले. रोजच्या आहारातून कायमचे २४ उष्मांक कमी केले, तर अखेर सुमारे एक किलो वजन घटते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि बहुतेक सगळे तीन वर्षांत. म्हणजे काटा अडला याचा अर्थ जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली.

सुरुवातीच्या वेगाचेही कोडे नाही. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी संपते, आणि तिच्यासोबत तिच्या सुमारे तिप्पट पाणी जाते. ते किलो-दीड किलो वजन चरबीचे नव्हतेच.

दुसरे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, "कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही" असे म्हणणाऱ्या दहा जणांची कसून तपासणी झाली. ते सांगत रोज हजार-एक उष्मांक; प्रत्यक्षात दोन हजारांहून जास्त खात होते. ते लबाड होते असे मी म्हणणार नाही. तोंडात टाकलेले माणसाच्या ध्यानात राहत नाही. आपल्याकडे चहाचेच घ्या. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे १६० उष्मांक. गप्पा मारता मारता मूठभर शेंगदाणे, आणखी १७०. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर विचारूच नका. "एकादशी दुप्पट खाशी" हे उगीच म्हणत नाहीत.

म्हणून काटा अडला की ताट आणखी रिकामे करू नये. आधी चार दिवस तोंडात गेलेले सगळे वहीत लिहावे, चहासकट. फोडणीचे तेल डब्यातून ओतण्याऐवजी चमच्याने मोजावे. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे. मिठाने आणि पाण्याने ते रोज किलोभर हलू शकते. कमरेला दोरी लावून गाठ मारून ठेवावी. काटा स्थिर असतानाही ती गाठ सैल पडत असेल, तर काम चालूच आहे. ताटात उसळ, डाळ, ताक, चालत असेल त्यांना अंडे, यांचे प्रमाण राखावे. स्नायू टिकावेत म्हणून उठाबशा किंवा ओझे उचलण्याचे काम करावे. शाळेतल्या गुरुजींनी तासाला खुर्ची सोडून उभे राहिले तरी फरक पडतो.

एवढे करूनही वजन तिथेच राहिले तर? २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या वाटेवरच्या लोकांनी आहार सांभाळला, आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम केला, आणि त्यांचे वजन सरासरी साडेपाच किलोंच्या आसपास उतरले. तेवढ्यानेच, सुमारे तीन वर्षांत, मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तेव्हा ८५ वरून ७९ वर येऊन थांबलेल्या माणसाने ७९ सांभाळले, तरी ती मोठी कमाई आहे. दोन-तीन महिने तिथे टिकून मग पुढचे पाऊल टाकले तरी चालते.

मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषध तेच आणि अन्न कमी, अशाने रक्तातली साखर एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. आणि काहीही न करता वजन आपोआप घटत असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे.