बदललेला गुडघा पुन्हा दुखतो तेव्हा

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. मी मूळचा जेऊरचा, करमाळा तालुक्यातला. हाडांचा डॉक्टर म्हणून पुण्यात काम करतो आणि महिन्यातून एक दिवस गावी रुग्ण तपासायला बसतो. सुरुवातीच्या काळात तिथं गुडघेदुखीच्या माणसाला सांधा बदलायचा सल्ला दिला, की घरातली मंडळी उठून निघून जायची. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि जून २००१ मध्ये उजवा. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. आज जगभर जो कृत्रिम गुडघा बसवतात, त्याचा मूळ आराखडा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. तो करणाऱ्या चमूत डॉ. इन्सॉल आणि वॉकर यांच्याबरोबर हे राणावतही होते. पंतप्रधानांनीच करून घेतलं म्हटल्यावर लोकांची भीती बरीच मोडली. पुढं गावोगावी सांधे बदललेली माणसं दिसू लागली.

आता त्यातलेच काही जण वेगळी तक्रार घेऊन येतात. 'डॉक्टर, गुडघा बदलला, एवढा पैसा घातला, तरी दुखतोच आहे. परत करावं लागेल का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ते नीट सांगावं, म्हणून आजचा हा विषय.

आधी गुडघा बदलतात म्हणजे काय करतात, ते पाहू. आमच्याकडे याला 'वाटी बदलली' म्हणतात. खरं तर वाटी म्हणजे गुडघ्यासमोरचं गोल हाड. ते तिथंच राहतं, फार तर त्याच्या आतल्या अंगाला प्लास्टिकची एक चकती बसवतात. बदलतो तो मांडीच्या हाडाचा खालचा आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग. झिजलेला थर, साधारण आठ-दहा मिलिमीटरचा, कापून काढतात. मांडीच्या हाडाला धातूचं टोपण बसवतात, नडगीवर धातूची बैठक बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाच्या टणक प्लास्टिकची गादी ठेवतात. धातू हाडाला चिकटवायला एक खास सिमेंट वापरतात. मांडीचं हाड नडगीवरून सरकतं ते या गादीवरून, त्यामुळे झीज सोसायची ती तिनं.

असा सांधा टिकतो किती? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांत प्रत्येक शस्त्रक्रियेची सरकारदरबारी नोंद होते. त्या नोंदींवरून २०१९ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला त्यानुसार शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. हा आकडा ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, कारण 'दहा वर्षांची गॅरंटी' हे वाक्य कुठून तरी सगळ्यांच्या कानांवर गेलेलं असतं. मात्र वयाचा फरक फार पडतो. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता सुमारे पाच टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त वजन उचलतो आणि जास्त वर्षं जगायचा असतो. आपल्याकडे रानात राबणारी माणसं पन्नाशीतच गुडघ्यानं हैराण होतात. त्यांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो आणि आणखी काही वर्षं औषधं, व्यायाम, वजन कमी करणं यांवर काढता येतील का, ते पाहतो.

बिघाड होतो तो अनेक कारणांनी. गादी झिजते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण सांध्यात पसरतात. शरीरातल्या पेशी ते कण खायला धावतात आणि त्या धुमश्चक्रीत शेजारचं हाडच विरघळायला लागतं. मग हाड आणि सिमेंट यांच्यात फट पडते आणि सांधा सैल होतो. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे पंपाच्या मोटारीवरून पटकन कळतं. बेअरिंग वाजायला लागल्याबरोबर बदललं, तर काम थोडक्यात भागतं. तसंच चालवत राहिलं, तर शाफ्टही जातो. गुडघ्यातही नुसती गादी बदलून भागण्याची एक वेळ असते. ती टळली, की हाड गमावून बसतो. काही सांधे पहिल्यापासूनच थोडे वाकडे बसलेले असतात, त्यांची एक बाजू लवकर झिजते. कधी दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सैल राहतात, मग जिना उतरताना गुडघा 'सटकतो'. कधी पडल्यामुळे सांध्याजवळचं हाड मोडतं. हल्ली रस्त्यांवर रोबोच्या शस्त्रक्रियेच्या मोठमोठ्या पाट्या दिसतात. रोबो हाडाचा छेद अचूक घ्यायला मदत करतो, हे खरं. पण गुडघ्यात जंतू शिरण्याचं तो थांबवत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त भ्यावं ते या जंतूंनाच.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो. आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचं सगळं घर त्यात ओढलं जातं. जेऊरजवळच्या एका वस्तीवरच्या मावशींचं सांगतो. त्यांचा गुडघा बदलून तीन वर्षं झाली होती. दोन वर्षं छान गेली. मग पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, टाचेच्या भेगा चिघळल्या, दोन दिवस ताप आला आणि गुडघा सुजून गरम झाला. मधुमेह होताच. जवळच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली आणि औषध संपल्यावर पुन्हा आली. असं आठ महिन्यांत तीनदा झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत यायलाही भिंतीचा आधार लागत होता. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'डॉक्टर, पाय तोडावा लागंल का?'

'तोडायचा नाही, मावशी,' मी म्हणालो, 'पण आधी सगळी औषधं बंद करायची.'

मुलाला ते पटेना. उलटंच वाटलं त्याला, आणि वाटणारच. त्याचं कारण असं, की प्रतिजैविक चालू असताना गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, तर जंतू लपून बसलेले असतात आणि अहवाल 'जंतू नाहीत' असा येऊ शकतो. म्हणून रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल, तर निदान दोन आठवडे औषध थांबवून मग सुईनं पाणी काढतात. त्याआधी रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या साध्या तपासण्या करतात. त्या जेऊर-करमाळ्यातही होतात. पाण्यातल्या पेशी मोजतात आणि जंतू वाढतात का, ते चांगले दोन आठवडे पाहतात, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. औषध थांबवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. थंडी वाजून ताप आला, माणूस मलूल झाला, तर ते थांबवून चालत नाही.

मावशींच्या गुडघ्यात जंतू सापडला. आता नुसत्या गोळ्यांनी तो का जात नव्हता? पाण्याच्या टाकीच्या आतून शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो ना, तसा जंतू धातूवर आपला थर धरतात. त्या थराच्या आत औषध पोचत नाही. वरवरचे जंतू मरतात आणि सूज उतरते, पण थर तसाच राहतो. हा थर जुना व्हायच्या आत, म्हणजे त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तीन-चार आठवड्यांत, गुडघा उघडून धुतला आणि प्लास्टिकची गादी बदलली, तर बसवलेला सांधा वाचण्याची आशा असते. नंतर ती फार कमी. म्हणून बदललेला गुडघा लाल, गरम झाला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, की गावातल्या औषधावर थांबू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना त्याच आठवड्यात दाखवावं.

मावशींची शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी लागली. पहिल्यात सांधा, सिमेंट, खराब झालेलं मांस, सगळं काढलं आणि त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. तो पोकळी धरून ठेवतो आणि आतून औषध सोडत राहतो. मग सहा आठवडे प्रतिजैविकं, आधी शिरेतून, मग पोटातून. रक्तातले आकडे खाली आल्यावर दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा. एकूण तीन महिने घरात एक माणूस त्यांच्यामागे अडकून होता, आणि ऊसतोड नेमकी त्याच महिन्यांत आली होती. काही निवडक रुग्णांत, जंतू कोणता ते आधीच कळलेलं असेल, तर हे सगळं एका बैठकीतही करतात. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

पुन्हा बसवायचा सांधा पहिल्यापेक्षा वेगळा असतो. हाड कमी झालेलं असतं, म्हणून धातूच्या दांड्या हाडाच्या पोकळीत खोल जातात. जिथं हाड नाही तिथं धातूच्या पाचरी किंवा सुळके भरतात. अस्थिबंध गेलेच असतील, तर बिजागरीसारखा सांधा बसवावा लागतो. शस्त्रक्रिया लांबते, रक्त जास्त लागतं, आणि पुन्हा जंतू होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. मावशी आता काठी घेऊन चालतात, गुडघा काटकोनापर्यंत वाकतो. मांडी घालून बसता येत नाही, आणि ते येणार नाही हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा बदललेला गुडघा बहुधा पहिल्याइतका मोकळा होत नाही.

दुखणारा प्रत्येक गुडघा मात्र बिघडलेला नसतो. परदेशातल्या पाहण्यांत, सांधा उत्तम बसूनही साधारण पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. पहिलं वर्षभर थोडी सूज, थोडी ऊब राहू शकते. कधी दुखणं कमरेच्या मणक्यातून किंवा खुब्यातून खाली उतरतं आणि दोष गुडघ्याला मिळतो. कारण सापडलेलं नसताना 'उघडून बघू' म्हणून केलेली शस्त्रक्रिया बहुतेकदा निराशा करते. तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करू म्हणणाऱ्या डॉक्टरांना एवढं विचारावंच: नेमकं काय बिघडलं आहे आणि ते कशावरून? जंतू नाहीत याची खात्री केली का? असे प्रश्न विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायलाही संकोच करू नये.

खर्चाचं बोलायला हवं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि पुन्हा बसवायच्या सांध्याला ६२,७७० रुपये, कर वेगळा. नंतर या मर्यादांत फेरबदल होत आले आहेत. पण ही किंमत फक्त सांध्याची. खोली, भूल, औषधं, दोनदा शस्त्रक्रिया हे सगळं वेगळं, म्हणून आकडा लेखी घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आपला आजार योजनेत बसतो का, ते दलालाला न विचारता त्यांनाच विचारावं.

मावशींच्या बाबतीत एक गोष्ट फार उपयोगी पडली. त्यांच्या सुनेनं पहिल्या शस्त्रक्रियेचे सगळे कागद पत्र्याच्या पेटीत बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. बसवलेल्या सांध्याच्या प्रत्येक भागाबरोबर कंपनी, माप आणि क्रमांक छापलेले स्टिकर येतात. ते रुग्णाच्या कागदांवर लावतात. कोणता सांधा आहे हे कळलं, की तो काढायची हत्यारं आधीच मागवता येतात. नुसती गादी बदलायची असेल, तर ती त्याच कंपनीची आणि त्याच मापाची लागते. स्वीडनमध्ये १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची देशभर नोंद ठेवली जाते. आपल्याकडे हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. तेव्हा आपली नोंदवही म्हणजे तो डबाच. त्यात डिस्चार्ज कार्ड, स्टिकर आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे असावा. पुढच्या प्रत्येक एक्स-रेची तुलना त्या पहिल्याशी करायची असते. काही दुखत नसलं तरी वर्षानं एकदा आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी तो काढावा, कारण सांधा सैल होऊ लागल्याची बारीक रेघ दुखायच्या आधी दिसते.

बाकी रोजची काळजी साधी आहे. साखर ताब्यात ठेवावी. रानात अनवाणी जाऊ नये. भेगा, चिखल्या, नखुर्डं यांवर लगेच उपचार करावा. दात काढायचा असेल, तर दातांच्या डॉक्टरांना सांधा बदलल्याचं आधी सांगावं. जेऊरहून पुण्या-सोलापूरला तपासणीसाठी येताना एसटीत किंवा रेल्वेत कडेची जागा धरावी म्हणजे पाय लांब करता येतो. तासाभरानं उठून चार पावलं टाकली, तर गुडघा आखडत नाही.