मेंढीचे जंत व मेंढीची स्वसंरक्षणशक्ती

पाऊस पडून कुरण हिरवे झाले की मेंढपाळास आनंद होतो. परंतु त्याच ओल्या गवताबरोबर जंतांची सूक्ष्म पिले मेंढीच्या पोटात जात असतात. त्यांपैकी अत्यंत घातकी तो हिमाँकस जंत होय. मेंढीच्या चार पोटांपैकी चौथ्यात राहून तो रक्त शोषितो. एक जंत दिवसास सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवितो; सबब हजार जंतांपायी रोज ५० मिलिलिटर रक्ताची हानी होते.

तथापि मेंढी अगदीच असहाय नसते. पोटात जुने जंत असता नव्या पिलांची भर पडली, की कित्येकदा जुने जंत औषधावाचून बाहेर पडतात. हा प्रकार अमेरिकेत नॉर्मन स्टोल यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला. पुढे ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत अशा वेळी मेंढीच्या रक्तातील हिस्टामिन काही काळ वाढते, असे आढळून आले.

याचे इंगित असे. जंताच्या अंगातील द्रव्ये, म्हणजे प्रतिजने, ओळखणारी प्रतिपिंडे मेंढीच्या शरीरात पूर्वीच्या लागणीने तयार होतात. त्यांपैकी आयजीई नावाची प्रतिपिंडे पोटाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या पेशींस हे नाव पॉल एर्लिख यांनी १८७८ साली दिले. नव्या पिलांच्या प्रतिजनाने शेजारशेजारची दोन प्रतिपिंडे एकत्र सांधली, की पेशीतील कण काही मिनिटांतच फुटून हिस्टामिन बाहेर पडते. त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरतात, अस्तर सुजते, स्नायू आकुंचन पावतात. त्यास इतर द्रव्यांची व बुळबुळीत स्रावाची जोड मिळून जंताचा ठाव सुटतो.

परंतु आमच्या वाचकांनी या शक्तीवर विसंबून राहू नये. लहान कोकरांत ती पुरती आलेली नसते, विण्याच्या सुमारास मेंढीत ती मंदावते, आणि उपाशी जनावरात तर तिचा भरवसाच नाही. शिवाय जुन्या जंतांची जागा नवे जंत घेऊ शकतात.

म्हणून पावसाळ्यात मेंढीची खालची पापणी उलटून वरचेवर पाहावी. ती फिकट दिसल्यास, अथवा जबड्याखाली सूज आल्यास, पशुवैद्याच्या सल्ल्याने त्या मेंढीस औषध द्यावे. सरसकट सर्व कळपास वारंवार औषध पाजल्याने जंतच औषधास दाद देईनासे होतात. कोकरांस व व्यायला आलेल्या मेंढ्यांस मात्र पेंड द्यावी. कारण मेंढीची ही शक्ती पुष्कळ अंशी तिच्या खुराकावरच उभी आहे.