व्हायरस आला, पण कोणता?

लेखमाला : पिकांचे अदृश्य शत्रू
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण करपा, भुरी यांसारख्या बुरशीजन्य रोगांची ओळख करून घेतली. बुरशीवर निदान औषध तरी आहे. विषाणूंच्या बाबतीत तीही सोय नाही. रोपात शिरलेला विषाणू कोणत्याही फवारणीने बाहेर काढता येत नाही. त्यामुळे तो कोणता आहे आणि कोणाच्या पाठीवरून शेतात आला, हे कळण्यावरच सगळे अवलंबून असते.

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा भागातल्या टोमॅटो उत्पादकांनी हा अनुभव घेतला. फळे एकसारखी पिकेनात, त्यांच्यावर पिवळे-लाल चट्टे उमटू लागले. ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून बातम्या झाल्या. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने सापडला तो कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. जळगावचे केळी उत्पादक ज्याला हरण्या म्हणतात, त्या रोगामागेही हाच विषाणू आहे. तो काकडीवर प्रथम ओळखला गेला, पण आज बाराशेहून अधिक वनस्पती त्याचे घर बनल्या आहेत.

शेतात ‘व्हायरस’ हा एकच शब्द ऐकू येतो. प्रत्यक्षात ही मंडळी एकमेकांपासून फार वेगळी आहेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू म्हणजे सरळ काडी, आत आरएनएचा एकच धागा. सीएमव्हीचा आरएनए तीन तुकड्यांत विभागलेला असतो आणि ते तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. तिन्ही पोचले तरच रोग जडतो. भेंडी, सोयाबीन, मूग यांना पिवळे करणारे विषाणू आरएनएचे नव्हेतच. त्यांच्यात डीएनएचे वर्तुळ असते आणि कण जुळे, एकमेकांना चिकटलेले दिसतात. भाताच्या टुंग्रो रोगात तर दोन अगदी भिन्न विषाणूंची युती असते. एक डीएनएचा, दुसरा आरएनएचा. रोगाची तीव्र लक्षणे पहिला निर्माण करतो, पण हिरव्या तुडतुड्यांवरून प्रवास करायला त्याला दुसऱ्याची मदत लागते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा फरक आहे तो प्रसाराचा.

भेंडीचा हळद्या पाहा. रोगट पान उन्हासमोर धरले की हिरव्या पानात पिवळ्या शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. पुढे सगळे पानच पिवळे पडते, फळ फिकट, आखूड आणि राठ होते. १९४० मध्ये पुण्यात काम करणाऱ्या उप्पल, वर्मा आणि कपूर या शास्त्रज्ञांनी हा रोग विषाणूजन्य असल्याचे दाखवले. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. पानाचा रस शोषताना विषाणू तिच्या पोटात जातो, तिथून लाळग्रंथींत पोचतो आणि मग ती दीर्घकाळ तो वाहत राहते. या प्रवासाला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपल्या हाताशी असतो. लागवडीपासूनच पांढऱ्या माशीवर नजर, पिवळे चिकट सापळे आणि पहिली पिवळी झाडे दिसताच ती उपटून नष्ट करणे, हे उपाय इथे खरोखर उपयोगी पडतात.

सीएमव्हीचे गणित उलटे आहे. तो मावा किडीवरून येतो. मावा झाडावर बसला की ते आपल्या उपयोगाचे आहे का, हे पाहण्यासाठी आधी सोंड टोचून बघतो. काही सेकंदांचे ते टोचणे विषाणू उचलायला आणि तेवढेच पुढच्या झाडात सोडायला पुरते. दूषित सुई एकाला टोचून लगेच दुसऱ्याला टोचावी, तसेच हे घडते. कीटकनाशकाने मावा मरेल, पण मरण्याआधी त्याचे काम झालेले असते. उलट फवारणीने बिथरलेला मावा जास्त झाडांवर फिरतो. इथे बांधावरचे तण काढणे, केळीत काकडीवर्गीय आंतरपीक न घेणे, शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणे यांनीच फरक पडतो. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूलाही हेच लागू आहे.

भुईमुगाचा शेंडेमर फुलकिड्यांमुळे पसरतो. त्यात विषाणू शोषला जातो तो फुलकिड्याच्या पिल्लाकडून, आणि पसरवला जातो ते पिल्लू प्रौढ झाल्यावर. तुरीच्या वांझ रोगात डोळ्यांना न दिसणारा कोळी वाहक असतो. या रोगाची नोंद १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे झाली आणि त्यामागचा विषाणू हाती लागायला २००० साल उजाडले. आणि २०१४ मध्ये इस्रायलमध्ये टोमॅटोवर दिसलेल्या, पुढच्याच वर्षी जॉर्डनमध्ये आढळलेल्या ब्राऊन रुगोज विषाणूला तर कीटकाची गरजच नाही. मजुरांचे हात, कात्री, बांधणीची सुतळी, बियाणे एवढे त्याला पुरते. अशा ठिकाणी कीटकनाशकावर पैसा घालवणे व्यर्थ. हात आणि अवजारे स्वच्छ ठेवणे हाच उपाय.

या सगळ्यांवर भक्कम उपाय एकच, तो म्हणजे प्रतिकारक्षम वाण. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या रानटी नातलगाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण घडवले आणि हळद्याने मेटाकुटीला आलेल्या असंख्य शेतकऱ्यांना आधार मिळाला. पण विषाणूही बदलत राहतो. पुढे काही भागांत या वाणाची प्रतिकारशक्ती कमी पडू लागली. ब्राऊन रुगोज विषाणूनेही टोमॅटोत अनेक दशके टिकलेल्या प्रतिकारक जनुकाला चकवले आहे. वाणांचे संशोधन म्हणूनच कधी संपणारे नाही, आणि त्यावरच्या खर्चात हात आखडता घेणे आपल्याला परवडणारे नाही.

माती परीक्षणाचा आपण आग्रह धरतो, तसाच आग्रह विषाणू-निदानासाठी धरायला हवा. रोगट पानाचा नमुना दिल्यावर नेमके नाव सांगणारी प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्यात असणे ही चैन नाही, गरज आहे. ती होईपर्यंत एवढे तरी करा : पान पिवळे पडले, आकसले, की कृषी सेवा केंद्रात धाव घेण्याआधी ते पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. कोणता विषाणू आहे हे कळल्याशिवाय केलेली फवारणी बहुतेक वेळा फक्त खर्च वाढवते.