अॅप पांढरंच का राहतं?
लिनक्सची थीम गडद केली, तरी बाहेरून घेतलेलं एखादं अॅप पांढरंफटक उघडतं. एक कारण टूलकिट, म्हणजे अॅपच्या खिडक्या-बटणं रेखाटणारा कोडसंच: ग्नोम डेस्कटॉपची अॅप जीटीकेवर, केडीईची क्यूटीवर चालतात आणि दोन्हींच्या सेटिंग्ज वेगळ्या. ग्नोमवर क्यूटी अॅप जुळवायला 'क्यूटी६सीटी' हे साधन उपयोगी पडतं.

दुसरं कारण फ्लॅटपॅक: या पॅकेजमधलं अॅप बंदिस्त चालतं. सिस्टिमच्या थीमच्या फायली त्याला दिसतच नाहीत. त्यामुळे तीच जीटीके थीम फ्लॅटपॅकच्या फ्लॅटहब भांडारावरून वेगळी घ्यावी लागते. ती आकाराने लहान असते, मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्यालाही परवडेल अशी.

मार्च २०२२मध्ये आलेल्या ग्नोम ४२पासून मात्र लिबअद्वैता या ग्नोमच्या लायब्ररीवरची अॅप बाहेरची थीम मानत नाहीत, गडद-उजळ पसंती पाळतात. सीएसएस घुसवून रंग बदलता येतात, पण पुढच्या अपडेटनंतर बटणांवरची अक्षरं दिसेनाशी होऊ शकतात. त्यापेक्षा गडद-उजळावर थांबणं बरं.