लिंबाच्या वासाचा ‘हायब्रीड’ गांजा म्हणजे काय? नशा कशी चढते, कायदा काय सांगतो? शेतमालक, खोलीमालकांनी जरूर वाचा

राजगुरुनगर : गांजा म्हटलं की जुन्या माणसांना चिलीम आणि उग्र वास आठवतो. आता मात्र ‘लेमन’, ‘ऑरेंज’, ‘टँजी’ अशा नावांचे, लिंबू-संत्र्याचा वास येणारे गांजाचे वाणही निघाले आहेत. नाव गोड, वास ताजा, त्यामुळे ‘हे साधं आहे, यानं काही होत नाही’ असा समज पोरांमध्ये लवकर पसरतो. खेड तालुक्यात चाकण एमआयडीसीमुळे बाहेरगावचे हजारो तरुण भाड्याच्या खोल्यांत राहतात. म्हणूनच हा प्रकार नेमका काय आहे, हे घरमालक आणि पालकांनी समजून घ्यायला हवं.

वास लिंबाचा, नशा कशाची?

लिंबाची किंवा मोसंबीची साल दाबली की जे तेल उडतं, त्यात लिमोनीन नावाचा घटक असतो. गांजाच्या काही वाणांच्या फुलोऱ्यातही तोच घटक तयार होतो. त्यात लिंबाचा रस किंवा अर्क घातलेला असतोच असं नाही. नशा मात्र लिमोनीनची नसते, ती टीएचसी या रसायनाची असते. त्यामुळे वासावरून गांजा सौम्य की कडक, हे ओळखता येत नाही.

‘हायब्रीड’ म्हणजे काय?

शेतकऱ्याला संकर नवा नाही. संकरित मका, संकरित ज्वारी असते तसंच हे. वेगवेगळ्या जातींचा संकर करून हवा तो वास आणि जास्त टीएचसी असलेला वाण तयार करतात. ‘सुपर लेमन हेझ’ हा युरोपात तयार झालेला असाच एक वाण. असे वाण अनेकदा बंद खोलीत, विजेच्या दिव्यांखाली, मातीशिवाय खताच्या पाण्यावर वाढवतात. त्यालाच ‘हायड्रो’ गांजा म्हणतात. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली. त्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून असा माल मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला आहे.

अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे झुरका तेवढाच, पण नशा तिप्पट.

शरीरावर काय परिणाम होतो?

ओढल्यावर काही मिनिटांत नशा चढते आणि दोन-तीन तास टिकते. खाण्यातून घेतलं तर चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झालं नाही’ म्हणून माणूस आणखी खातो आणि मग त्रास एकदम सुरू होतो.

सुरुवातीला हसू येतं, भूक लागते, वेळ हळू चालल्यासारखा वाटतो. डोळे लाल होतात, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते. मात्रा जास्त झाली तर घबराट, संशय, भास होऊ शकतात. युरोप आणि ब्राझीलमधल्या मिळून ११ ठिकाणी झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये गंभीर मानसिक आजाराची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. कमी वयात सुरुवात केली तर धोका जास्त.

लिमोनीनमुळे टीएचसीची घबराट कमी होते, असं २०२४ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. पण तिथे शुद्ध लिमोनीन मोजून दिलं होतं. बाजारातल्या पुडीत किती काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

नशेत अंतराचा अंदाज चुकतो, हात-पाय उशिरा हलतात. प्रेस मशीनवर काम करणाऱ्याला किंवा रात्रपाळी संपवून पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्याला एवढी चूकही जिवावर बेतू शकते.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात हायब्रीड, हायड्रो असा भेद नाही. गांजाचं झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. बाळगलेला गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त असेल तर किमान १० वर्षं. नुसतं ओढलं तरी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गावासाठी महत्त्वाची तीन कलमं अशी :

- कलम २५ : खोली, जागा किंवा गाडी अशा कामाला जाणूनबुजून वापरू दिली तर मालकही आरोपी.
- कलम ४६ : आपल्या जमिनीत बेकायदा गांजा लावल्याचं कळल्यावर लगेच कळवणं जमीनमालकाला बंधनकारक.
- कलम ४७ : हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही.

म्हणून रान वाट्याने दिलं असलं तरी अधूनमधून फेरी मारा. खोली देताना भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात करा.

पोरगं अडकलं असेल तर?

मारहाण करून किंवा लपवून व्यसन सुटत नाही. गांजा सोडल्यावर पहिला आठवडा झोप लागत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही. दोन-तीन आठवड्यांत हा त्रास बहुतेकांचा उतरतो. कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, अमली पदार्थांबाबत माहिती देण्यासाठी १९३३. छातीत दुखलं, भास व्हायला लागले किंवा शुद्ध हरपली, तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.