मैत्रिणीचं कासव आजारी असेल तर

कुत्रा आजारी पडला की गल्लीला कळतं. तो कण्हतो, कोपऱ्यात जाऊन पडतो, भाकरीकडे बघत नाही. कासवाचं तसं नाही. ते ओरडत नाही, आणि आजार लपवता येईल तितके दिवस लपवतं, कारण रानात जो प्राणी अशक्त दिसतो तो आधी मारला जातो. घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा आजार बरेचदा कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे जुना असतो. त्यामुळे ज्याचं कासव आजारी पडतं त्याला काळजीच्या जोडीला एक टोचणीही लागलेली असते: मला आधी कसं दिसलं नाही? अशा वेळी मित्राने सांगायची पहिली गोष्ट हीच की ते दिसणं खरोखरच अवघड असतं. उगाच धीर द्यायचा म्हणून नाही, ते खरं आहे म्हणून सांगायचं.

हे सगळं मी शिकले ते गेल्या हिवाळ्यात, सचिनच्या माझ्या मैत्रिणीमुळे. (सचिन म्हटलं की आपल्या मंडळात लगेच क्रिकेट सुरू होतं, म्हणून सांगते: हे सचिन गाव आहे. सुरतच्या दक्षिणेला, नवसारीच्या वाटेवर. एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचं छोटं संस्थान होतं, आता जीआयडीसी, गिरण्या आणि लूम. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी घरं तिथे आहेत. त्यातलंच एक तिचं, एक माझं.) तिचं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. दुकानातून आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं. नऊ वर्षांनी ते जेवणाच्या ताटलीएवढं झालं आणि निळ्या टबात मावेना. जानेवारीत त्याने खाणं सोडलं, नाकाशी बुडबुडे यायला लागले आणि पाण्यात ते एका बाजूला कलंडून तरंगायला लागलं.

कलंडून तरंगणं हे फुप्फुसाच्या आजाराचं, न्यूमोनियाचं, ओळखीचं लक्षण आहे. एका फुप्फुसात पाणी किंवा पू साठला की ती बाजू जड होते. आणि हिवाळ्यातच का? कासवाला स्वतःची उष्णता नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. सुरतेकडे थंडी काही नाशिकसारखी पडत नाही, पण रात्रभर गार फरशीवर ठेवलेलं टबातलं पाणी स्लायडरला सोसत नाही. त्याला साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं आणि अंग शेकायला 30 अंशांच्या वरची कोरडी जागा. अंग गार पडलं की पचन मंदावतं, आजाराशी लढण्याची ताकद मंदावते, इतकंच काय, औषधसुद्धा नीट लागू होत नाही. म्हणून डॉक्टर आधी विचारतात ते पाण्याच्या तापमानाबद्दल, गोळीबद्दल नंतर.

बाकी आजारांचं थोडक्यात सांगते. डोळे सुजून मिटले असतील तर बरेचदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. नुसत्या सुकवलेल्या झिंग्यांवर वाढवलेल्या कासवांत ती हमखास दिसते. कवच मऊ पडलं तर कॅल्शियम कमी किंवा ऊन कमी. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, कारण हाडांना हवे असतात ते अतिनील किरण काच अडवते. आणि मादी असेल तर एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: नर नसतानाही तिच्या पोटात अंडी तयार होतात. घालायला माती मिळाली नाही तर ती अडकू शकतात. ते एक्स-रेत दिसतं, बाहेरून नाही.

आता मित्र म्हणून आपण काय करायचं, ते.

सगळ्यात अवघड काम डॉक्टर शोधणं. जनावरांचे डॉक्टर खूप आहेत, पण गाय-म्हैस आणि कुत्रा-मांजर यांच्या पलीकडे बघणारे थोडे. आजारी कासव घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडण्यात दिवस जातो आणि जीवही. म्हणून आधी फोन करायचा आणि सरळ विचारायचं, "कासव बघता का?" ज्याचं कासव आहे त्याला हा प्रश्न दहा ठिकाणी विचारवत नाही. दोन "नाही" ऐकले की तो गळाठतो. ते फोन आपण करायचे. सचिनकडच्यांसाठी नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, मधे एक मरोली स्टेशन सोडलं की नवसारीच. गुजरातेत प्राण्यांसाठी 1962 ही करुणा ॲम्ब्युलन्सची हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येतं. आम्हाला सहाव्या फोनला सुरतेतले पक्षी आणि कासवं बघणारे एक डॉक्टर मिळाले.

नेताना कासव पाण्यात घालून न्यायचं नाही. अशक्त कासव बादलीतल्या पाण्यातसुद्धा बुडून मरू शकतं. त्याला फुप्फुसं असतात, कल्ले नव्हेत. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाला ओलसर टॉवेल, वर सावली आणि वाऱ्यापासून आडोसा, एवढं पुरे. सोबत एक कागद न्यायचा: किती दिवस खाल्लं नाही, शी कधी केली, काय खायला घालत होतो, पाणी किती गरम ठेवत होतो, वजन किती. रडवेल्या माणसाला डॉक्टरांसमोर यातलं काही आठवत नाही. वजन मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं. काका आधी हसले, मग रोज सकाळी काटा पुसून ठेवायला लागले.

घरगुती उपाय सुचवू नका. कवचाला तेल लावा, हळदीचा लेप द्या, कुत्र्याला दिलेलं जंताचं औषध थोडं द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातलं आयव्हरमेक्टिन हे औषध, जे गुराढोरांना सर्रास देतात, कासवांना विषासारखं आहे. त्याने कासवं मरतात. आणि कवच म्हणजे अंगावर घातलेलं चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यात जोडलेल्या असतात, त्याला रक्तपुरवठा असतो, दुखतंही.

यानंतरचा भाग लांबचा आहे, आणि खरी सोबत तिथेच लागते. कासवाच्या शरीरात सगळं हळू चालतं, औषधही. काही प्रतिजैविकं दोन-तीन दिवसांतून एकदाच टोचतात, तीही बहुधा पुढच्या पायाच्या भागात, कारण मागच्या पायांकडचं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. उपचार आठवड्यांत मोजायचे. पहिल्या दोन दिवसांत सगळे फोन करतात, "कसं आहे गं?" दहाव्या दिवशी कुणी करत नाही, आणि कासव तर दहाव्या दिवशीही तसंच असतं, मान आत ओढून. तिने मला एकदा मेसेज केला, "आजपण काहीच नाही." मी उत्तर दिलं, "काहीच नाही म्हणजे कालच्याएवढंच वजन ना? मग ठीक." असं एका आकड्यापाशी बोलणं तिला "सगळं छान होईल"पेक्षा बरं वाटायचं, हे तिनेच नंतर सांगितलं.

हा संथपणा समजून घ्यायचा असेल तर डहाणूचं उदाहरण आहे. सचिनहून मुंबईला येताना वाटेतच लागतं. तिथे वनविभाग आणि एक प्राणिमित्र संस्था मिळून जखमी समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवं पालघरच्या किनाऱ्यावर आणून टाकतो; कित्येकांचे वल्ह्यासारखे पाय टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून कापलेले असतात. तिथली कासवं महिनोन्‌महिने उपचार घेतात. ते केंद्र घरातल्या कासवांसाठी नाही, पण कुणी म्हणालं, "कासवावर कुठे एवढे उपचार करतात का?" तर डहाणूचं नाव सांगता येतं.

कारण हे वाक्य ऐकावं लागतंच. दुसरं वाक्य म्हणजे, "तापीत सोडून ये." तिच्या आजीने हे अगदी मायेने म्हटलं होतं, देवाचा जीव पाण्यात गेला की बरा होईल, या भावनेने. आजीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी एवढंच म्हटलं, "आजी, तापाने फणफणलेल्या पोराला आपण रानात सोडतो का?" आजारी कासव नदीत मरतं. आणि बरं झालेलं स्लायडरही सोडायचं नसतं: ते मूळचं अमेरिकेतलं, इथल्या नदी-तळ्यांत पसरलं की आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

एक नाजूक बाब. मित्राचं कासव स्लायडर नसून पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं असेल, तर ते भारतीय स्टार कासव. नशीब उजळतं म्हणून लोक ते घरात ठेवतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं गुन्हा आहे, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. पाणकासवांतल्याही बऱ्याच देशी जाती अशाच संरक्षित आहेत. मग होतं काय, की पकडले जाऊ या भीतीने माणूस डॉक्टरकडेच जात नाही आणि प्राणी पलंगाखाली मरतो. अशा मित्राला लपवायला मदत करणं ही मदत नाही. कायदा जाणणाऱ्या कुणाचा तरी सल्ला घेऊन वनविभागाकडे जायला लावा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जा. एकट्याला ते जमत नाही.

तुम्ही घरी जाऊन हात लावणार असाल तर साबणाने हात धुवा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने 1975पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघरात धुऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा.

आणि नाही वाचलं तर? तिचं वाचलं; सातव्या आठवड्यात त्याने भोपळ्याचा तुकडा चावला आणि तिने मला त्याचे अकरा फोटो पाठवले. पण नेहमी असं होत नाही. कासव गेलं की नाही हे ओळखणंही सोपं नसतं. गारठलेलं कासव मेल्यासारखं दिसतं, प्राणवायूशिवाय ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ तगतं, आणि मेंदू थांबल्यावरही हृदय बराच वेळ धडधडू शकतं. म्हणून घाईने पुरू नका, डॉक्टरांना दाखवा. प्राण्याचे हाल संपवायचा निर्णय घ्यायची वेळ आली तर तोही डॉक्टरांच्या हातूनच. फ्रीजरमध्ये ठेवा असा सल्ला देणारे आहेत. तो क्रूर आहे. निर्णय मित्राचा. "मी असते तर" हे शब्द तेवढे टाळा.

1989मध्ये केनेथ डोका या अभ्यासकाने ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्याला वेगळं नाव दिलं. अशा दुःखाला सुट्टी नसते, कुणी भेटायला येत नाही, रडणाऱ्यालाच लाज वाटते. पाळलेला प्राणी जाणं हे त्यातलंच. गॅलापागोस बेटांवरचं लोनसम जॉर्ज हे आपल्या जातीतलं शेवटचं कासव 24 जून 2012 रोजी गेलं तेव्हा जगभर बातमी झाली. ते मेलेलं पहिल्यांदा पाहिलं फाउस्तो येरेना या माणसाने, ज्याने त्याची कित्येक दशकं देखभाल केली होती. ते कासव प्रसिद्ध होतं म्हणून निदान येरेनांना कुणी "कासवच तर होतं" म्हटलं नसावं. आपल्या मित्राला ते वर्गात, घरात, रिक्षात ऐकावं लागतं.

त्या दिवसांत टब, दिवा, उरलेलं खाणं आपण होऊन आवरायला जाऊ नका. नवं कासव भेट देऊ नका. टब धुवायचा तिने काढला तर दुसऱ्या बाजूने धरा, जड असतो.